मेस्त्रीची एकोणीस मिनिटं

मूळ कॅसेट दुकानाबाहेर जाणार असेल तर तिच्यासोबत दौलत जाणार, हा 'मिलिंद व्हिडिओ'चा नियम. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. लग्न त्याचं, वरातीत घोड्यावर बसलेला तोच, पण कॅसेट मागितली की दौलत म्हणणार, कॉपी न्या की हो, वरिजनल माझ्यासंगं येते अन् माझ्यासंगंच परत जाते.

काचीगुडा स्टेशनकडं उतरणाऱ्या गल्लीत हे दुकान. पाटी जुनीच आहे. 'व्हिडिओ' या शब्दाखाली झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आधार लॅमिनेशन असं एकेक वेगवेगळ्या रंगात नंतर लिहिलं गेलं, जसजसा काळ बदलला तसं. आत मात्र भिंतभर लोखंडी कपाट आणि कपाटात साडेसहाशे कॅसेटी. बेगम बाजारातून डझनाच्या भावात आणलेल्या त्या कोऱ्या कॅसेटींवर आता अख्ख्या काचीगुड्याची लग्नं, बारशी, रिटायरमेंटा बसलेल्या आहेत. कित्येक लोकांनी आपल्या कॅसेटी नेल्याच नाहीत. काही जोडपी वेगळी झाली, काही अमेरिकेला गेली, एक नवरदेव तर दुसऱ्या लग्नाची शूटिंग द्यायला दौलतकडंच आला होता. तरी पहिलीची कॅसेट दौलतनं टाकली नाही. माणसाचं लगीन कचऱ्यात कसं टाकावं, असं त्याचं म्हणणं.

दौलतचे वडील उदगीरकडून आलेले. घरी उदगिरी मराठी, दुकानात दख्खनी, पोलीस आला तर तेलुगू, असा त्याचा तीन खिशांचा कारभार. शूटिंगमध्ये मात्र तो पक्का. मराठ्यांच्या लग्नात मामाला सोडायचं नाही, तेलुगू लग्नात डोक्यावर जिरं-गूळ ठेवायचा क्षण चुकवायचा नाही, आपल्या बौद्ध लग्नात स्टेजवर भाषण करणाऱ्या एकालाही कापायचं नाही, मग तो अर्धा तास का बोलेना. मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूला त्याची बायको भामा कॅमेरा खांद्यावर घेऊन जायची. तिचा हात दौलतपेक्षा स्थिर, हे ती स्वतःच सांगते आणि दौलत नाही म्हणत नाही.

पण दौलतला लोक ओळखतात ते लग्नांमुळं नाही. ओळखतात ते एकोणीस मिनिटांमुळं.

त्र्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नाल्याच्या काठाला नागसेनवाडी म्हणून वस्ती होती, आहे. नांदेड, देगलूर, उदगीरकडनं कामाला आलेली माणसं, साठेक घरं. एका सकाळी घरं पाडायला बुलडोझर आला. दौलत रात्रीचं लग्न उरकून नुकताच दुकानात आला होता. लक्ष्मण मेस्त्री धावत आला. हा वस्तीतला गवंडी, इथं गवंड्याला मेस्त्रीच म्हणतात. वस्तीतल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. तो म्हणाला, दौलत्या, कॅमेरा घे अन् चल, कॅमेऱ्यापुढं मारत न्हाईत. दौलतनं कॅमेरा उचलला. बॅटरी अर्धीच उरलेली होती. तीवर जेवढं निघालं तेवढं निघालं, एकोणीस मिनिटं.

त्यात दिसतं ते असं. बायका भांडी बाहेर काढतायत. एक म्हातारा खाटेवरून उठायला तयार नाही. बुलडोझर पहिल्या घराशी येतो. मग लक्ष्मण मेस्त्री पाठमोरा पुढं जातो, उजवा हात वर करतो आणि पांढऱ्या शर्टातल्या साहेबाशी काहीतरी बोलतो. बुलडोझर थांबतो. थोड्या वेळानं मागं वळतो. चित्र संपतं. त्या दिवशी वस्ती वाचली, आठ दिवसांत वकील मिळाला, कोर्टाचा कागद आला, आणि नागसेनवाडी आजही जागच्या जागी आहे.

मेस्त्री काय बोलला ते कॅसेटमध्ये ऐकू येत नाही. तिथं गाणं आहे. कुठल्याशा गायनपार्टीचं भीमगीत, सहा मिनिटांचं, तीनदा लागोपाठ लावलेलं. चौथ्यांदा सुरू होतं आणि एका ओळीनंतर तुटतं, कारण तिथं चित्राची हद्द संपते. दर वर्षी बावीस मेला, बुलडोझरच्या दिवशी, विहारासमोरच्या चौकात ही एकोणीस मिनिटं लावतात. आधी कॅसेट लावायचे, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. सगळी वस्ती गाणं म्हणते. चौथ्या वेळची पहिली ओळ म्हणून सगळे एकदम थांबतात, जिथं कॅसेट तुटते तिथं. लहान पोरांना वाटतं गाणंच तेवढं आहे.

मेस्त्री काय बोलला याच्या मात्र गोष्टी झाल्या. कुणी म्हणतं, तो गरजला, आधी माझ्या छातीवरून न्या. कुणी म्हणतं, त्यानं कायद्याचं कलम सांगितलं. विहाराच्या भिंतीवर त्याचं चित्र काढलंय, त्यात उघड्या हाताची मूठ झालीय. मेस्त्री दोन हजार नऊ साली गेला. त्यानं यातलं काही खोडलं नाही, काही सांगितलंही नाही.

यंदा फेब्रुवारीत सुमेधा दुकानात आली. विद्यानगरात खोली घेऊन राहणारी, युनिव्हर्सिटीत शिकून झालेली, आता लोकांच्या घरात पडलेले जुने व्हिडिओ गोळा करून त्यांचं काहीतरी बनवते. आजोबा नांदेडचे, पण हिला मराठी बोलता येतं तेवढंच. कपाटातल्या कॅसेटींवरची दौलतच्या अक्षरातली लेबलं ती बोट ठेवून ठेवून वाचत होती, पहिलीतल्या पोरीसारखी. तिला नागसेनवाडीची मूळ कॅसेट हवी होती. वस्तीच्या मंडळाचा सेक्रेटरी प्रज्ञेश, म्हणजे लक्ष्मण मेस्त्रीचा मुलगा, यानं तिला पाठवलेलं. ती म्हणाली, लायब्ररीत जाऊन त्या वर्षीचे पेपर बघितले, सगळ्या मे महिन्यात या वस्तीबद्दल दोन ओळी आहेत, अतिक्रमण हटाव मोहीम तूर्त स्थगित, बस. साठ घरांच्या वाट्याला दोन ओळी. तुमच्याकडं एकोणीस मिनिटं आहेत.

दौलतला हे बोलणं आवडलं. तरी त्यानं नियम सांगितला. सुमेधा म्हणाली, मग तुम्हीच चला.

तसाही दौलत गेलाच असता, कारण कॅसेटीला बुरशी आली होती. फितीच्या कडेला पांढरी पूड. अशी कॅसेट तशीच यंत्रात घातली तर फीतही जाते आणि यंत्रही. विद्यानगरातल्या तिच्या खोलीत जमिनीवर बसून दौलतनं पाच स्क्रू काढले, झाकण उघडलं, आणि मऊ कापडाला स्पिरिट लावून, रीळ बोटानं फिरवत फिरवत अडीचशे मीटरच्या वर फीत पुसली. सव्वादोन तास लागले. सुमेधा त्याचं काम मोबाइलवर टिपत होती. दौलत म्हणाला, माझ्या हाताची कशाला, लग्न लागायलंय का माझं. तिनं चहा दिला, त्यात साखर नव्हती, तो त्यानं गप प्यायला.

तिच्याकडचं यंत्र जुन्या बाजारातून आणलेलं, पण भारी होतं. कॅसेट आत गेली. चित्र आलं. बायका भांडी काढतायत. दौलत गाण्याची वाट बघत राहिला, कारण गाणं पहिल्या सेकंदापासून आहे. गाणं आलं नाही. कोंबडा आरवला. कुणीतरी तेलुगूत शिव्या दिल्या. लांबून इंजिनाची घरघर जवळ यायला लागली.

दौलतला आधी वाटलं, बुरशीनं गाणं खाल्लं. सुमेधानं यंत्रावरची एक कळ सरकवली. गाणं आलं. कळ परत सरकवली. कोंबडा.

मग तिनं समजावून सांगितलं. अशा भारी कॅमेऱ्यात आवाज दोन जागी बसतो. एक फितीच्या काठावर, एक चित्राच्या पोटात. डबिंगचं बटण काठावरचा आवाज पुसून त्यावर दुसरा चढवतं. पोटातल्याला हात लावायचा तर चित्रच पुसावं लागतं. आणि साध्या यंत्राला काठावरचाच ऐकू येतो. दौलतच्या दुकानातली सगळी यंत्रं साधी. कॅमेरा दुबईहून परतलेल्या एकाकडनं घेतलेला, त्याचं पुस्तक इंग्रजीत, ते कुणी वाचलं. एकतीस वर्षं तो या धंद्यात मुरलेला माणूस, आणि एकतीस वर्षं त्याला वाटत होतं की आपण तो आवाज पुसलाय.

चित्रात आता बुलडोझर पहिल्या घराशी आला. पाठमोरा मेस्त्री पुढं निघाला. हात वर गेला.

दौलतनं वाकून बटण दाबलं आणि कॅसेट बाहेर काढली.

पुढं काय येतं ते आता त्या एकट्यालाच माहीत होतं. शूटिंगच्या वेळी तो मेस्त्रीच्या मागं चार हातांवर उभा होता, कानाला हेडफोन; बाकी वस्तीला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू गेलं नव्हतं. मेस्त्री गरजला नव्हता. तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला, पायाला सिमेंट तसंच. त्यानं स्वतःला टीव्हीवर बघितलं, ऐकलं, आणि खाली बघून म्हणाला, "दौलत्या, माझा आवाज तेवढा काढून टाक. पोरं उद्या जीव गेला तरी जागा सोडणार न्हाई म्हणत कचेरीवर जायलेत. त्यांला हे ऐकू येऊ नये." दौलतनं त्याच्यासमोर गाणं चढवलं. नुसत्या त्या जागी चढवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत चढवलं. मग कॅसेटीच्या मागची टिकली मोडली, पुन्हा कुणी त्यावर काही भरू नये म्हणून. मेस्त्रीनं त्याचा हात हातात घेतला, तेवढंच. त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

सुमेधानं जबरदस्ती केली नाही. ती म्हणाली, काका, तुम्ही नको म्हणालात तर मी हात नाही लावणार, प्रॉमिस. "पण आता ते तिथं आहे हे मला माहिताय, तुम्हालापण माहिताय. आता गाणं ऐकताना तुम्हाला काय ऐकू येईल?"

दौलत कॅसेट पिशवीत घालून बसनं घरी आला.

दोन दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. झेरॉक्सला आलेल्या बाईचं आधारकार्ड त्यानं उलटं घालून चार कोरे कागद काढले. तिसऱ्या दिवशी भामानं विचारलं, काय चाललंय डोक्यात. तेव्हा त्यानं पहिल्यांदा सगळं सांगितलं. मेस्त्री कुणासाठी हात जोडत होता तेही सांगितलं. भामा ज्वारीचं पीठ मळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मेलेल्या माणसाला दिलेला शब्द छातीशी धरून बसलाव," ती म्हणाली. "अन् जिच्याबद्दल बोलला ती बाई जित्ती हाय. तिला इचारलं का कधी?"

दौलत म्हणाला, ती कुठं येते त्या दिवशी चौकात, नवऱ्याची आठवण सहन होत नसेल तिला. भामा म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं सहन होत न्हाई म्हणून, का हेबी तुम्हीच गाणं चढवलं.

न येण्याचं मात्र खरं होतं. लक्ष्मण मेस्त्रीची बायको पार्वतीबाई एकतीस वर्षांत एकदाही बुलडोझरच्या दिवशी चौकात आली नव्हती. तिचं घर चौकापासून चाळीस पावलांवर. सगळी वस्ती जमायची, ती दार लावून घ्यायची. लोक आदरानं आवाज कमी करून म्हणायचे, बाईचं दुःख मोठं आहे.

दौलत गेला तेव्हा ती उंबऱ्यात बसून गोधडीला टाके घालत होती. एका शाळेत आया होती, रिटायर झाल्यापासून गोधड्या शिवते. दौलतला बघून म्हणाली, "या फोटोवाले. आज कुणाच्या लग्नाची वाट चुकलाव?"

दौलत वैनी म्हणून पायरीवर बसला. इकडचं तिकडचं झालं. प्रज्ञेश कामावर गेला होता. मग त्यानं आडून विचारलं, यंदा तरी चौकात येणार का. पार्वतीबाईनं सुई कापडात तशीच खुपसून ठेवली आणि त्याच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं जे सांगितलं ते असं. त्या दिवशी प्रज्ञेश तीन दिवसांचा होता. आधीची दोन पोरं पोटातच गेलेली. हिला ताप, उठवत नव्हतं. बाहेर आरडाओरड, भांड्यांचे आवाज, मग भिंत थरथरायला लागली. तिला न्यायला कुणी आलं नाही. नवरा एकदा म्हणाला होता की घर पडलं तर दाराची चौकट शेवटी पडते. म्हणून लुगड्याच्या पदरानं पोर छातीला बांधलं आणि सरपटत येऊन चौकटीत बसली. तिथून तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. नंतर बाया आल्या आणि सांगायला लागल्या, तुझा नवरा काय बोलला, अशानं असं गरजला, वाघ हाय वाघ. संध्याकाळी तिनं त्याला विचारलं, काय बोललाव. तो म्हणाला, बोललो काईतरी, आणि तोंड फिरवलं.

"म्या मरायला टेकले होते, अन् हा बाहीर भाषण करत होता," पार्वतीबाई म्हणाली. "वस्तीसाठी छाती पुढं केली म्हणतेत. करू दे. पर एकदा आत डोकावून जायाचं होतं. सोळा वरसं नांदले तेच्यासंगं त्यानंतर. चांगला होता. पर हे एक टोचतच ऱ्हायलं. ते गाणं सुरू झालं की मला भीत हालल्यागत होतं."

दौलतनं मान खाली घातली. आपण एक शब्द राखला तो कुठं जाऊन रुतला, हे त्याला त्या पायरीवर बसल्या बसल्या कळलं. तो म्हणाला, वैनी, त्यानं भाषण केलंच नाही, तो तुमच्याबद्दल बोलत होता.

पार्वतीबाईनं सुई परत हातात घेतली. म्हणाली, तू बी चांगला माणूस हायस दौलत, पर हे एकतीस वरसानं कुणाच्याबी तोंडून मला पटायचं न्हाई. मेस्त्री येऊन सांगतोय का.

दौलत म्हणाला, हौ, तोच सांगतोय.

रविवारी दुपारी सुमेधानं यंत्र ऑटोतून पार्वतीबाईच्या घरी आणलं, मांडीवर धरून, बाळासारखं. नवीन टीव्हीला त्याची वायर लागेना म्हणून दौलतनं दुकानातला जुना छोटा टीव्ही आणला. खोलीत चौघंच. पार्वतीबाई भिंतीला टेकून बसली, प्रज्ञेश दारात उभा. प्रज्ञेश आता एकतीस वर्षांचा, बँकेत नोकरीला, भिंतीवरच्या मुठीला दर वर्षी स्वतः रंग देणारा. दौलतनं त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की मेस्त्री गरजला नव्हता, त्यानं ऐकून घेतलं होतं.

कळ सरकवलेलीच होती. कोंबडा आरवला. पार्वतीबाई म्हणाली, हा जनाबाईचा कोंबडा. इंजिन जवळ आलं. बाया ओरडल्या. पाठमोरा मेस्त्री पुढं गेला, हात वर झाला. साहेबाशी बोलायचं म्हणून दख्खनीत सुरुवात झाली आणि पुढं आपोआप मराठीत घसरलं.

"साब, एक बात सुनो. अंदर मेरी औरत हय, जचगी होके तीन दिन हुए. ताप हाय तिच्या अंगात. तिला उठवू नका सायब. दोन लेकरं गेलीत, हे तिसरं हाय. घर पाडायचं तर पाडा. पर आठ दिवस द्या. ती उठून उभी ऱ्हाऊ द्या. मग म्या सोता पाडून देतो. माझ्या हातची भीत हाय, कुठून पाडायची मला ठावं हाय. तुमच्या मशनीला धक्का बी लागायचा न्हाई. पाया पडतो सायब."

मग थोडा वेळ नुसतं इंजिन. त्या इंजिनाच्या आड, अगदी बारीक, एका तान्ह्या पोराचं रडणं. मग साहेबाचा आवाज, ड्रायव्हरला तेलुगूत, आपू, आपू. थांबव.

इंजिन बंद झालं. रडणं तेवढं राहिलं.

प्रज्ञेश दारातून आत येऊन खाली बसला. पार्वतीबाईनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ती टीव्हीकडं बघत नव्हती, डोळे मिटून ऐकत होती.

"एवढं बोलला," ती म्हणाली, "अन् मला सांगायला लाजला व्हय."

दौलतनं तेव्हा दुकानातली गोष्ट सांगितली, आवाज काढून टाक म्हणालेली. तोंड का फिरवलं ते आता तिला कळलं. ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला.

प्रज्ञेश मात्र अडला होता. त्याचं म्हणणं असं की आपल्या घरात हे ठीक आहे, पण चौकात कसं लावायचं. बाबांनी वस्ती वाचवली म्हणून पोरं शिकायला लागली, त्यांचं नाव घेऊन मोर्चे निघाले. आता ऐकायचं की ते साहेबाच्या पाया पडले, आणि मी स्वतः भिंत पाडून देतो म्हणाले. लोक काय म्हणतील. सुमेधा तेवढा वेळ कॅसेटीवरचं लेबल वाचत बसली.

पार्वतीबाई भिंतीवर हात फिरवत होती, ज्या भिंतीला टेकून बसली होती तिच्यावर.

"पाडली का त्यानं?" तिनं विचारलं. "कोर्टाचा कागद आला त्या दिवशी सांच्याला तेनं ह्याच भितीला गिलावा केला. म्या बघितलं. तुला घेऊन ह्या दारात बसले होते. अन् तुला काय लाज वाटायलीय रे? तुझ्याच रडण्यावर थांबली ना ती मशीन."

प्रज्ञेश मान खाली घालूनच म्हणाला, माय, मग मुठीचं काय करायचं. ती म्हणाली, राहू दे की मूठ, रंग तर तूच देतोस, हात उघडा कर नाहीतर मूठ ठेव, मेस्त्रीला काय त्याचं. मग दौलतकडं वळून तिनं आपली अट सांगितली. गाणं काढायचं नाही. लोक एकतीस वर्षं ते म्हणतायत, तेही आता वस्तीचंच आहे. आधी गाणं लावा, आणि तो हात वर करतो तिथं त्याचा आवाज येऊ द्या. जमतं का तुमच्या यंत्राला. दौलत म्हणाला, नुसती कळ सरकवायची आहे, जमतं.

बावीस मेला दुपारपासूनच ढग आले होते पण पडलं काही नाही. चौकात सतरंज्या टाकल्या, समोर पडदा बांधला. या वेळी पेनड्राइव्ह नव्हता. विहाराच्या पायरीवर टेबल, टेबलावर सुमेधाचं यंत्र, आणि यंत्राजवळ स्टुलावर दौलत, कॅसेट त्याच्यासंगं आलेली. भामा पहिल्या रांगेत बसून त्याला खुणेनं सांगत होती, शर्टाची गुंडी लाव. सुमेधा मोबाइल खाली ठेवून बायकांत बसली होती, हे आपण टिपायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. दौलतनं तिच्याकडं बघून मान हलवली आणि भामाकडं बोट केलं. भामाच्या मांडीवर कॅमेरा होता. खांद्यावर घ्यायचा मोठा नव्हे, आत्ताचा छोटा.

सूर्य उतरला तसं लोक भरले. चाळीस पावलांवरचं दार उघडलं. पार्वतीबाई धुवट पांढरं लुगडं नेसून चालत आली तेव्हा मागची माणसं आपोआप बाजूला सरली. कुणीतरी खुर्ची आणली, ती नको म्हणाली, सतरंजीवर बसली.

दौलतनं कॅसेट घातली. गाणं सुरू झालं आणि वस्ती म्हणायला लागली, म्हातारी आधी, मग पोरं. एकदा झालं, दुसऱ्यांदा सुरू झालं. बायका भांडी काढतायत. म्हातारा खाटेवरून उठत नाही. गाण्याला टाळ्या पडत होत्या. पडद्यावर बुलडोझर पहिल्या घराशी आला. दौलतचा अंगठा कळीवर होता. दुकानातला तो खाली बघणारा मेस्त्री त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि चौकटीत पोर छातीशी बांधून बसलेली बाईही. पाठमोरा मेस्त्री पुढं निघाला. हात वर गेला.

दौलतनं कळ सरकवली.

गाणं यंत्रातून गेलं, पण चौकातून गेलं नाही. दोनशे माणसांच्या तोंडात ते बसलेलं होतं, ते तसंच पुढं म्हणत राहिले, टाळ्या वाजवत, आणि खाली कुठंतरी इंजिन घरघरत होतं, आणि एका माणसाचा आवाज नुकता सुरू होत होता, साब, एक बात.

पार्वतीबाई उठून उभी राहिली. चौकाकडं वळली.

"गप बसा की रं," ती म्हणाली. "ते बोलायलेत."